पोहता येणाऱ्या पोरांना पाणी कसं शिकवायचं?

एका माध्यमिक शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांचं गाव धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे अडून पसरलेल्या पाण्याला, लागून आहे. आठवी ते दहावीची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत, कालव्यात, फुगवट्यात पोहायला जातात. शाळा दरवर्षी परिपाठात ‘पाण्याजवळ जाऊ नका’ असं बजावते आणि निम्मी मुलं ‘बाई, आम्हाला पोहता येतं’ म्हणून मोकळी होतात. सुट्टीआधी त्यांना काय सांगावं, आणि कसं सांगितलं तर ते ऐकतील, असं बाईंनी विचारलं आहे.

बाई, आधी ते ‘जाऊ नका’ बंद करा. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, गावाला लागून पाणी असताना चौदा वर्षांचा मुलगा पाण्यात जाणारच. तुम्ही नको म्हटलंत की तो कुणाला न सांगता जाईल, मोठी माणसं नसतील अशी जागा शोधेल आणि काही झालं तर सोबतची पोरं भीतीपोटी संध्याकाळपर्यंत तोंड उघडणार नाहीत. हे मी अंदाजाने सांगत नाही. बावीस वर्षं पोहायला शिकवतो आहे आणि त्यातली चौदा-पंधरा वर्षं तालुक्याच्या बचाव पथकाबरोबर पाण्यात उतरतो आहे. ‘बचाव’ म्हणायचं आपलं. आम्हाला फोन येतो तोवर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं, आम्ही मृतदेह शोधायला गळ टाकतो. अशा कितीतरी वेळा काठावर चपला आणि कपडे बघून आम्ही मुलं किती होती ते मोजलं आहे, कारण सांगायला थांबलेलं कुणी नव्हतं.

‘आम्हाला पोहता येतं’ हे मात्र खोटं नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. माझीच गोष्ट सांगतो. तलावात माझ्याकडे शिकलेला, जिल्ह्याला पदक घेतलेला एक मुलगा होता. सरावाला हजार मीटर सहज मारायचा. त्याला आणि आणखी पाच जणांना मी फुगवट्यावर घेऊन गेलो. समोर दीडशे मीटरवर एक टेकाड दिसत होतं, तिथे जाऊन यायचं. साठ-सत्तर मीटरवर तो थांबला, मान वर काढून इकडेतिकडे बघायला लागला. हात चालत होते, पण पुढे सरकत नव्हता. मी ट्यूब घेऊन पोहोचलो तेव्हा त्याचे डोळे नुसते उघडे होते, मला बघत नव्हते. नंतर चहा पिताना म्हणाला, “सर, भिंत आली नाही.”

त्या दिवशी माझी चूक माझ्या लक्षात आली. पंचवीस मीटरच्या तलावात मूल दर पंचवीस मीटरला भिंतीला पाय लावून ढकलतं. तेवढीच त्याला क्षणभराची विश्रांती मिळते आणि चार-पाच मीटर फुकटचे मिळतात. तळाची निळी रेघ दिसत असते, त्यामुळे सरळ जाता येतं. हजार मीटर पोहणारा मुलगा खरं तर चाळीस वेळा पंचवीस मीटर पोहलेला असतो. उघड्या पाण्यात भिंत नाही, रेघ नाही, तळ दिसत नाही, आणि दम लागला तर उभं राहायला जागा नाही. मी बारा महिने त्याला वेग शिकवत होतो, थांबायला कधी शिकवलंच नव्हतं.

म्हणून वर्गात पहिला प्रश्न ‘कुणाकुणाला पोहता येतं?’ असा विचारू नका. सगळे हात वर करतील. असं विचारा: उताणं पडून, हातपाय न मारता, पाच मिनिटं कोण तरंगू शकतं? जीन्स आणि शर्ट घालून कोण पोहलं आहे? दम लागला, काठ लांब आहे, तर नेमकं काय करशील? हात झपाझप खाली येतात. ज्याला उताणं तरंगता येतं त्याला विश्रांतीची जागा सोबत घेऊन फिरता येतं. छाती भरून श्वास घेतला, डोकं मागे टाकलं, कान पाण्यात बुडू दिले, हात पसरले की बहुतेकांचं तोंड पाण्याबाहेर राहतं. पाय खाली जातात, जाऊ द्यायचे. घाबरलेला माणूस नेमका उलटा वागतो, डोकं पाण्याबाहेर उचलतो. डोक्याचं वजन चार-पाच किलो. ते पाण्याबाहेर काढलं की बाकीचा देह तेवढाच खाली बसतो. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलाला आता पहिले आठ दिवस दुसरं काही शिकवत नाही. पालक कुरकुर करतात, “फी पोहायची भरली, झोपायची नाही.”

आता पाण्याकडे येऊ. ‘पाणी धोकादायक असतं’ या वाक्याचा मुलांवर काही परिणाम होत नाही. प्रत्येक पाण्याचा डाव वेगळा असतो, तो नेमका सांगितला की ऐकतात.

शेततळ्यापासून सुरुवात करा, कारण मुलांना त्याची सगळ्यात कमी भीती वाटते. आपल्या मळ्यातलं, चौकोनी, स्वच्छ, तळ्याला वाहतं पाणी नाही, लाटा नाहीत. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ला आली आणि गावोगाव शेततळी झाली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, चारी बाजूंना उतार आणि वर पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. पाणी महिनाभर राहिलं की कागदावर शेवाळाचा पातळ थर बसतो. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही. काठ हाताच्या अंतरावर दिसतो, कागद ओरबाडतो, वीतभर वर येतो, पुन्हा घसरतो. दहा-पंधरा वेळा असं झालं की चांगला पोहणारासुद्धा संपतो.

हे सांगू नका, करून दाखवा. शाळेच्या आवारात मुरमाचा नाहीतर खडीचा ढीग कुठेतरी असतोच. त्यावर ताडपत्री अंथरा, बादलीभर साबणाचं पाणी ओता आणि कबड्डीच्या कॅप्टनला अनवाणी वर चढायला सांगा. तो तीनदा आपटेल, सगळा वर्ग हसेल, हसू द्या. चौथ्यांदा तो खाली बसला की एवढंच म्हणा, आता तुझ्या पायाखाली दहा फूट पाणी आहे असं समज. मी हा प्रयोग बऱ्याच शाळांत केला आहे, त्यानंतरची शांतता मला कुठल्या भाषणाने मिळालेली नाही. मग उपाय सांगा: पडलास तर कागद ओरबाडत बसू नको, उताणा हो, ओरड, आणि मोटारीचा पाइप किंवा दोर असेल त्या बाजूला पाय मारत जा. आणि घरी जाऊन वडिलांना विचार, आपल्या तळ्यात चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले आहेत का. जुन्या टायरांची शिडी सोडली तर फारच उत्तम. माझ्या अनुभवात शाळेच्या तासाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, मुलं घरी जाऊन बापाच्या मागे लागतात.

तुमचा फुगवटा. हा तर तुमच्या शाळेचा खास विषय आहे. धरणाचं पाणी दिसायला तळ्यासारखं, पण त्याचा तळ कुणी तळ म्हणून बनवलेला नसतो. ते बुडालेलं गाव असतं. बांध, ताली, रस्ते, बाभळी, घरांचे पाये, आणि विहिरी. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, सगळे फोटो काढायला जातात. देऊळ वर येतं तेव्हा त्याच्या आसपासचं सगळं गाव पाण्याखाली हातभर अंतरावर असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मूल कमरेएवढ्या पाण्यात चालत असतं, पाय जुन्या बांधावर असतो, पुढचं पाऊल बांधाखाली पडतं किंवा जुन्या विहिरीत. म्हणून मुलांना एक गृहपाठ द्या: आजी-आजोबांना विचारून बुडालेल्या गावाचा नकाशा काढा. कुणाची विहीर कुठे होती, ओढा कुठून जायचा, पांदण कुठे होती. आजोबांना भरभरून बोलायला मिळतं आणि पोरांना कळतं की आपण जिथे उड्या मारतो तिथे अमक्याची पंचवीस हात विहीर आहे. हा नकाशा वर्षभर वर्गात लावा.

फुगवट्याच्या आणखी तीन गोष्टी, भराभर सांगतो. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे सरकलं की काठाचा गाळ वरून वाळतो, आत लोण्यासारखा असतो. पाय रुतला तर उपसायला जोर लावू नये, मागे आडवं पडून एकेक पाय हळूहळू सोडवावा. दुसरं, मासेमारीची जाळी. तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉनच्या धाग्याचं, जाळं पाण्यात दिसत नाही, पायाला गुंडाळलं की झटापट केल्याने आणखी आवळतं. तरंगत्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले की तिथे जाळं आहे असं समजायचं. आणि तिसरं, वारा. दुपारी काठावरून आत वाहणारा वारा सुटला की ट्यूब किंवा चेंडू आत जातो आणि पोर त्याच्या मागे. वाऱ्याने चाललेला चेंडू पोहून गाठता येत नाही. चेंडू गेला तर गेला, हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

कालव्याला उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी, सुटलं की गावात जत्रेचं वातावरण असतं. पाणी धरणाच्या तळाकडच्या दारातून (विमोचकातून) येतं, म्हणून मे महिन्यातही गार लागतं. तापलेल्या अंगाने उडी मारली की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पायऱ्या उतरून, मान-छातीवर पाणी घेऊन शिरायची आजीची सवय काही उगाच नव्हती. कालव्याचं पाणी संथ दिसतं, कारण काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतींमध्ये त्याला खळखळाट करायला काही सापडत नाही. वेग मोजायला शिकवा. काठावर दहा मीटर अंतरावर दोन दगड ठेवायचे, काडी टाकायची, सेकंद मोजायचे. दहा सेकंद लागले तर पाणी सेकंदाला एक मीटर चाललं आहे. शाळेतला चांगला पोहणारा मुलगाही साधारण तेवढ्याच वेगाने, तोही मिनिटभर, पोहतो. म्हणजे प्रवाहाविरुद्ध तो जागच्या जागी. मग २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं उदाहरण द्या. चीनच्या पान झान्लंने शंभर मीटर ४६.४० सेकंदांत मारून जागतिक विक्रम केला. भागाकार मुलांनाच करू द्या, सेकंदाला सव्वादोन मीटरसुद्धा येत नाहीत. पावसाळ्यातली नदी याहून जोरात धावते. जगातला सगळ्यात वेगवान माणूस जिथे मागे जाईल तिथे गावच्या पट्टीच्या पोहणाऱ्याने काय करायचं? आडवं व्हायचं, पाय पुढे करून वाहत जायचं आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. समोरच्या दगडाकडे परत यायचा हट्ट सोडायचा. गणिताच्या सरांना सोबत घ्या, त्यांना हा तास फार आवडतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हेही त्याच तासात बसतं. गुडघाभर पाण्यात माणूस कसा वाहून जातो, याचं उत्तर त्यातच आहे.

कालव्यात मोरी किंवा सायफन (पाणी जमिनीखालच्या नळातून पलीकडे जातं ती जागा) असेल त्याच्या वरच्या अंगाला कधीही उतरायचं नाही. यावर चर्चा नाही, कारण त्यातून सुटायची युक्ती मलाही माहीत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचंही तेच. वरच्या बाजूला, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेल्या जागी पाणी ओढ घेतं आणि माणूस फटीला चिकटतो. खालच्या बाजूला पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळतं. तिथे पडलेला लाकडाचा ओंडका बघा, तो तासन्‌तास एकाच जागी गोल फिरत असतो. मुलांना तो ओंडका काठावरून, लांबून दाखवा. पांढऱ्या फेसात अर्धी हवा असते, त्यात माणूस तरंगत नाही हेही सांगा.

विहिरीबद्दल मी जरा हळवा आहे, मीही विहिरीतच शिकलो. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा, कमरेला सोल म्हणजे जाड दोर, आणि सोलाचं टोक वर चुलत्याच्या हातात. चुलते विडी ओढत असायचे पण सोल सोडायचे नाहीत. त्या पद्धतीत सगळी सुरक्षा होती: तरंगायला काहीतरी, बांधलेला दोर, आणि काठावर एक मोठा माणूस, ज्याला दुसरं काम नाही. आता विहीर आहे, पण बिंडा गेला, सोल गेला आणि चुलते एमआयडीसीत गेले. उरलेल्या विहिरीत पाणबुडी मोटार असते. वायरचा जोड उघडा असेल तर पाण्यात करंट उतरतो, आणि एकाला झटका बसला की दुसरा ‘बुडतोय’ समजून उडी मारतो. उतरण्याआधी स्टार्टर बंद आणि फ्यूज खिशात, एवढा नियम पुरे. सूर मारणाऱ्यांना वेगळं सांगा: पाण्याची पातळी दर आठवड्याला खाली जाते, मागच्या महिन्यातला सूर या महिन्यात कपारीवर पडतो. मानेचा मणका मोडला तर मूल बुडत नाही कदाचित, पण पुढची चाळीस वर्षं खाटेवर काढतं. आधी पायावर उतरून बघायचं, खोली मापायची, मग उडी.

सहलीचा विषय तुम्ही काढला नाही, पण शाळा कोकणात नेत असाल तर हे वाचाच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेले आठ जण गेले. फेब्रुवारी आणि एप्रिल. ना पाऊस, ना वादळ. पोरं वादळात समुद्रात उतरतच नाहीत, छान दिसतो तेव्हा उतरतात. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती वाट सापडली की तिथून नदीसारखी ओढ आत लागते. गंमत अशी की त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, म्हणून घाबरट पोहणारा नेमका तीच जागा निवडतो. ओढीत सापडलं तर काठाकडे पोहायचं नाही. उताणं व्हायचं, हात वर करायचा, आणि जमत असेल तर काठाला समांतर, लाटा फुटताहेत त्या दिशेला सरकायचं. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. दमवतो तो आपलाच हट्ट.

भरती-ओहोटीची वेळ काढायला कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरात उतरतं. सहलीची तारीख ठरवणाऱ्या शिक्षकाला एवढं यायलाच हवं. आणि किनाऱ्यावर पोहोचलं की पहिल्यांदा जीवरक्षकाला किंवा जवळच्या कोळ्याला विचारायचं, ‘आज कुठे उतरू?’ गोव्यात किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा उतरायची, नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. जिथे झेंडाही नाही आणि जीवरक्षकही नाही तिथे घोट्यापर्यंतच.

धबधब्याचं एका वाक्यात: वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला खाली दिसत नाही. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला यायला लागला, आवाज बदलला, की सेल्फी अर्धवट सोडून वर चढायचं.

आता बुडणं कसं दिसतं ते. मुलांनी सिनेमात पाहिलेलं असतं, ‘वाचवा, वाचवा’ ओरडत हात हलवणारा माणूस. प्रत्यक्षात बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्याचं तोंड पाण्याबाहेर येतं तेवढ्या वेळात तो जेमतेम श्वास घेतो. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतो, शिडी चढल्यासारखा. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, डोळे काचेसारखे. हे सगळं वीस सेकंद ते एक मिनिट. शेजारची पोरं ‘तो मस्ती करत होता’ म्हणतात, आणि ती खोटं बोलत नसतात. म्हणून जोड्या लावा: दोघांनी एकमेकांना दर मिनिटाला हाक मारायची. उत्तर आलं नाही म्हणजे काहीतरी बिनसलं. आकडी येणारं मूल असेल तर त्याच्या जोडीला मोठं माणूसच हवं.

आणि मग सगळ्यात कठीण भाग. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला भाऊ. आम्ही काढलेल्या प्रसंगांत एकटा गेलेला कमी, दोघं-तिघं जास्त. बुडणारा मित्राला ओळखत नाही, त्याला तुम्ही म्हणजे पाण्यात उभी असलेली शिडी दिसते. तो खांद्यावर चढतो. पंधरा वर्षांच्या पोराला ‘मित्र बुडत असेल तर पाण्यात जाऊ नको’ सांगणं अवघड आहे, त्याला ते भेकडपणाचं वाटतं. त्याला हातात काम द्या, तेव्हाच तो काठावर थांबतो. ओरड. हात पोहोचत असेल तर आडवा पडून काठी, वेळू, ओढणी, शर्टाला शर्ट बांधून दे. पोहोचत नसेल तर फेक: ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन, दोन लिटरच्या रिकाम्या, झाकण लावलेल्या बाटल्या. वीस लिटरचा रिकामा कॅन दोघांनाही तोलून धरतो. उभं राहून हात देऊ नको, तोच तुला ओढेल.

याचा सराव मैदानावर घ्या. पाच लिटरचा कॅन, कानाला पंधरा मीटर दोर. कॅन अगदी रिकामा फेकला तर वाऱ्यावर भरकटतो, म्हणून तळाशी पेलाभर पाणी ठेवायचं. एक मुलगा पंधरा पावलांवर मांडी घालून बसेल, तो बुडणारा. बाकीच्यांनी एकेक करून कॅन त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि दोर ओढत त्याच्या हाताशी आणायचा. पहिल्या फेरीत वीसातले पाच-सहाच जमवतात. एक जण हमखास दोराचं टोक हातातून सोडतो, सगळा दोर कॅनबरोबर जातो. म्हणून टोक पायाखाली दाबायचं, मनगटाला मात्र कधीही गुंडाळायचं नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत पंधरा जणांना जमतं. मुली या सरावात मुलांपेक्षा लवकर तरबेज होतात, हे मी दरवेळी पाहतो.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गावात मुलींना पोहायला शिकवत नाहीत, ‘त्या कुठे पाण्यात जातात?’ म्हणतात. त्या जातात की. कपडे धुवायला, म्हशीला पाणी दाखवायला, धाकट्या भावाला सांभाळत शेततळ्याच्या काठाने. भाऊ घसरला की त्याच्या मागे उडी घेणारी तीच असते, सलवार-ओढणीसकट. तुमच्या तासाला मुलींना बाहेर बसवू नका, आणि निदान उताणं तरंगणं त्यांना कुणीतरी बाईमाणसाने शिकवावं यासाठी शाळेने आग्रह धरावा.

बाहेर काढल्यावर काय करायचं, हेही मुलांना माहीत हवं, कारण तिथे पहिली तीच असतात. पालथं टाकून पोट दाबणं, पाय धरून गोल फिरवणं, मिठात पुरून ठेवणं, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मिठाची अफवा तर मोबाइलवर दर उन्हाळ्यात नव्याने फिरते. पोटातल्या पाण्याने माणूस मरत नाही, मेंदूला हवा न मिळाल्याने मरतो. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवायचं, हनुवटी उचलायची, नाक दाबून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. श्वास देता येत नसतील तर नुसते दाब तरी. दुसऱ्याने १०८ लावायचा. शुद्धीवर आला, हसायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एक तास बोलवा, बाहुली नसेल तर पोत्यात भुसा भरून सराव होतो.

एक गोष्ट शब्दांत शिकवावी लागते, ती म्हणजे नाही म्हणायची पद्धत. ‘मार उडी, व्हिडिओ काढतो’ म्हणणाऱ्या चौघांपुढे एकट्याने नाही म्हणणं चौदाव्या वर्षी जमत नाही. मी मुलांना चक्क बहाणे देतो. ‘कानात पू झालाय, डॉक्टरनी पाणी बंद केलंय.’ ‘मी काठावर कॅन धरतो, तुम्ही जा.’ दुसरा बहाणा जास्त चालतो, कारण त्यात मान राहतो. जो कॅन धरतो तो घाबरट ठरत नाही.

तासाला पालकांनाही बोलवायचं की नाही, याबद्दल माझं मत: पहिल्या दिवशी नको. पालक आले की ‘बघ, ऐक बाई काय म्हणतात’ सुरू होतं आणि मुलं कवाडं लावून घेतात. ताडपत्रीचा प्रयोग मुलांनी घरच्यांना करून दाखवायचा, तो दुसऱ्या आठवड्यात.

शेवटी सामानाचं. दोर घेताना पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) घ्या, तो पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. आम्ही गावातल्या बारा जागी, शेततळ्याच्या खांबांना आणि घाटावर, दोर बांधलेले कॅन टांगले होते. महिन्यात सात गायब. कुणी डिझेलला नेला, कुणी दुधाला. एकाने सुचवलं, भोकं पाडून ठेवा म्हणजे कुणी नेणार नाही. त्यालाच कॅन घेऊन पाण्यात उतरायला सांगितलं. आता आम्ही आत पेलाभर वाळू टाकतो, झाकण फिरवून घट्ट करतो आणि वरून एम-सील लिंपतो. उघडतच नाही म्हटल्यावर कॅन कुणी नेत नाही. दोर मात्र अजून जातात, त्यामुळे दोन जास्तीचे शाळेत ठेवा.